तारखेचा तुकडा कापू नका : उरलेली औषधं दवाखान्याला देण्याआधी

नमस्कार मंडळी! हे बघा, माझ्या हातात बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप आहे. दहातल्या चार उरल्यात. गोळ्या दिसायला एकदम चांगल्या, पण स्ट्रिपवर एक्सपायरी नाही, बॅच नंबर नाही. तो तुकडा आम्हीच कापून कचऱ्यात टाकला.

आमचे आबा गेले, तेव्हा आईनं त्यांचं कपाट आवरायला काढलं. बिस्किटाचा डबा भरून औषधं निघाली. शुगरची, बीपीची, पित्ताची. डॉक्टरांनी गोळी बदलली, की जुनी डब्यात. आई म्हणाली, टाकू नको, कुणाला तरी उपयोगी पडतील. मी सगळी पिशवीत भरून पेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्यात नेली.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी एकेक स्ट्रिप उलटी करून बघितली, गोळीवरचं प्लास्टिक अंगठ्यानं दाबून बघितलं. टेबलावर दोन ढीग झाले. घेण्यासारखा ढीग ओंजळीत मावेल एवढाच! त्या म्हणाल्या, "जी गोळी मी माझ्या आईला देणार नाही, ती पेशंटला कशी देऊ?" मला ते मनापासून पटलं. गरिबाला काहीही चालतं, हे आपल्या डोक्यातून जायलाच पाहिजे.

म्हणून स्ट्रिप कापताना तारखेची बाजू शेवटपर्यंत ठेवा. ०८/२०२६ छापलं असेल, तर ती गोळी त्या ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. पण दवाखान्यात ती पेशंटपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे चार-सहा महिने तरी हातात असताना द्या. उघडलेलं सिरप, फोडलेले डोळ्यांचे ड्रॉप्स अजिबात नकोत. न उघडलेलं इन्सुलिनसुद्धा २ ते ८ अंशांतच राहायला लागतं. एकदा बाहेर राहिलेलं परत फ्रीजमध्ये ठेवून दान करू नका. आणि आपल्या कोल्हापूरकडचं खास सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरलेली कितीतरी कुटुंबं आहेत. पुराच्या पाण्यात भिजलेलं औषध वरून कोरडं दिसलं, तरी ते देऊ नका आणि स्वतःही घेऊ नका.

अँटिबायोटिकच्या तीन-चार गोळ्या उरल्या असतील, तर कोर्स अर्धवट सोडला होता का, हे आधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा. शेजारच्या काकूंना "मला लागू पडली, तुम्ही घ्या" म्हणून तर कुठलीच गोळी देऊ नका. स्ट्रिपवर लाल रेघ असलेली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही अशी, तर नाहीच.

जायच्या आधी दवाखान्यात फोन करा. काही ठिकाणी घरून आलेली औषधं घेतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाची तत्त्वंही तेच सांगतात, कारण ती गोळी उन्हात होती की दमट कपाटात, हे स्ट्रिपवरून कळत नाही. नाही म्हणाले तर रागावू नका.

एक्सपायर झालेलं बेसिनमध्ये ओतू नका, शेवटी ते पंचगंगेलाच मिळतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. वेगळ्या पिशवीत बांधा आणि घंटागाडीवाल्या दादांना काय आहे ते सांगून द्या.

आबांच्या डब्यात आता आईच्या गोळ्या असतात. सुट्या गोळ्या आणल्या, की मेडिकलचं बिल ती रबर लावून स्ट्रिपलाच अडकवते, बिलावर बॅच आणि एक्सपायरी दोन्ही असतात.