दोन डोस, चौदा दिवस आणि एक निकाल

१५ ऑगस्ट २०२१. मुंबईची लोकल सर्वसामान्य प्रवाशांसाठी पुन्हा खुली झाली. अट अशी, की लशीचे दोन्ही डोस घेतलेले हवेत आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटलेले हवेत. स्थानकांवर पालिकेचे मदत कक्ष उघडले. तिथे प्रमाणपत्र तपासून शिक्का घ्यायचा, मग खिडकीवर मासिक पास.

या अटीचा हिशोब मांडून पाहू. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत तेव्हा किमान ८४ दिवसांचं अंतर लागायचं. त्यात हे १४ मिळवले की झाले ९८. म्हणजे त्या रविवारी लोकलमध्ये चढायचं, तर पहिला डोस ९ मेपर्यंत घेतलेला हवा. आणि १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं होतं १ मे रोजी. लशीच तुटपुंज्या, म्हणून राज्याने ते १२ मेच्या सुमारास थांबवलंही. कल्याणचा, विरारचा तिशीतला कामगार लस टाळत नव्हता. त्याची पाळीच आली नव्हती. पगार कापला गेला तो मात्र त्याचा.

आम्ही लशीच्या बाजूचे आहोत, हे इथेच सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी धावणारी माणसं या राज्याने पाहिली आहेत. लशीने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण लस चांगली असणं वेगळं आणि ती न घेणाऱ्याची, किंवा न मिळालेल्याची, रोजीरोटी अडवणं वेगळं.

लोकलबंदीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने सरकारला सुनावलं, की हे आदेश काढताना कायद्यातली प्रक्रिया पाळलेली दिसत नाही. सरकारने ते मागे घेतले, मार्चमध्ये नवी नियमावली आणली, आणि तिच्यातही लशीची अट ठेवली! ती गेली गुढीपाडव्याला, सगळेच निर्बंध उठले तेव्हा.

महिन्याभराने, २ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. लशीच्या सक्तीविरुद्धची ही याचिका होती बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांची. लसीकरणावर केंद्राला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय गटाचे ते माजी सदस्य. खंडपीठावर न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई.

हा निकाल सक्तीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी आपापल्या सोयीने वाचला. न्यायालय म्हणालं, शरीरावरचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या कलमात येतो, कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. त्याच निकालात हेही आहे, की सरकारचं लसीकरण धोरण अवाजवी नाही आणि साथीच्या काळात सार्वजनिक आरोग्यासाठी व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालता येतात. मात्र त्या मर्यादा धोक्याच्या प्रमाणात हव्यात. लस न घेतलेल्यांमुळे संसर्ग जास्त पसरतो असं दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवलीच नाही. म्हणून राज्यांनी घातलेले निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरले.

आमच्या मते खरी मेख इथे आहे. माहिती ठेवलीच नाही.

कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतून परिणामकारकतेचे आकडे आलेले नव्हते. सुरुवातीला ती घेणाऱ्याला संमतिपत्रावर सही करावी लागे. पुढे आकडे आले, चांगले आले: ७७.८ टक्के. पण दरम्यान जे महिने गेले, त्यांत अफवांनी घरोघरी ठाण मांडलं. लोक विचारत होते ते प्रश्न रास्त होते. उत्तराऐवजी त्यांना पदरात पडला ‘लसविरोधक’ हा शिक्का.

कोव्हिशील्डचं तसंच. १७ मे २०२१ रोजी दुष्परिणामांचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय समितीचा निष्कर्ष जाहीर झाला. ४९८ गंभीर घटना तपासल्या, २६ मध्ये रक्ताच्या गुठळ्यांची शक्यता दिसली. दर १० लाख डोसमागे ०.६१. ब्रिटनचा आकडा तेव्हा ४, जर्मनीचा १०. आपला इतका कमी का? दक्षिण आशियाई लोकांत गुठळ्यांचं प्रमाण मुळातच कमी, असं आरोग्य मंत्रालयाने सांगितलं. ते खरं असेल. पण गावातल्या आशाताईपासून जिल्ह्यापर्यंत नोंद पोहोचलीच नाही, असंही असू शकतं. यातलं कुठलं किती, हे वयानुसार, जिल्ह्यानुसार तपशील उघड्यावर ठेवल्याशिवाय कसं ठरवणार? २०२४ मध्ये, कोव्हिशील्ड मुळात जिची लस, त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात अशा दुर्मीळ गुठळ्यांची कबुली दिल्याची बातमी आली आणि आपल्याकडे घबराट पसरली. तीन वर्षांपूर्वीची माहिती लोकांना नवी वाटली.

म्हणूनच त्या निकालातला एक आदेश आम्हाला फार मोलाचा वाटतो: दुष्परिणामांची नोंद सामान्य माणसाला आणि खासगी डॉक्टरलाही करता यावी, आणि ती, नाव गुप्त ठेवून, सर्वांना पाहता यावी.

आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन तरुणींच्या पालकांच्या याचिकेवर केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. लस ऐच्छिक होती, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावं, असं त्यात म्हटलं. ब्रिटनमध्ये १९७९ पासून यासाठी कायदा आहे. लशीमुळे गंभीर अपंगत्व आलं वा मृत्यू झाला, हे दिसलं तर १ लाख २० हजार पौंड मिळतात. चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. दिवाणी दाव्यात ते करावं लागतं, तेही बापाला, एकट्याने. आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रं असतात कंपनीच्या आणि सरकारच्या कपाटात.