दिशा बदलायला इंधन लागतं

मंडळी, नववीच्या विज्ञानात 'चाल आणि वेग यांतील फरक लिहा' हा प्रश्न हमखास पडतो. मुलं मधे उभी रेघ मारतात, एकीकडे 'अदिश' (नुसतं मोजमाप), दुसरीकडे 'सदिश' (मोजमाप आणि दिशाही), की गुण पदरात. पुढे कुणी विचारत नाही. माझं भांडण त्या उभ्या रेघेशी आहे.

माझ्या ओळखीच्या एका मुलीची उत्तरपत्रिका सांगतो. गणित असं होतं: ४०० मीटरच्या धावमार्गाची एक फेरी खेळाडू ८० सेकंदांत पूर्ण करतो, सरासरी वेग काढा. तिने लिहिलं, शून्य. तपासणाऱ्यांनी त्यावर लाल काट मारून शेजारी लिहिलं, ५ मीटर प्रति सेकंद. अहो, ती झाली सरासरी चाल! कापलेलं अंतर भागिले वेळ. वेगासाठी विस्थापन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट धरायचं, आणि माणूस निघाला तिथेच परत आला तर विस्थापन शून्य. पोरगी विचारायला गेली, तर उत्तर मिळालं, "एवढा पळाला तो, मग वेग शून्य कसा?"

खरं तर हा प्रश्न उत्तम आहे. चीड येते ती तो तिथेच मिटवला याची. मागच्या रांगेत शिक्षक बसलेत, त्यांनी हे जरूर वर्गात करून पाहावं. एका सरळ पट्ट्यात खेळाडूचा वेग सेकंदाला ५ मीटर पूर्वेकडे, तर समोरच्या पट्ट्यात ५ मीटर पश्चिमेकडे. कोणत्याही क्षणी तो शून्य नाही, पण फेरीभराची बेरीज दिशेसकट केली की सगळं फिटतं. आणि वळणावर त्या खेळाडूकडे नीट बघा. चाल तीच, तरी अंग आत झुकलेलं असतं, पाऊल जमीन बाहेरच्या बाजूला रेटतं. वेग बदलतोय म्हणजे त्वरण आहे, त्वरण आहे म्हणजे बल लागणारच. नुसती दिशा बदलायलासुद्धा कष्ट पडतात, ते असे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, आणि ज्यासाठी बोलावलंत ते रॉकेट अजून जमिनीवरच आहे. तेव्हा भरभर सांगतो.

श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेत, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत, उपग्रह पाठवायचा तर दक्षिणेकडे जायला हवं. पण वाटेत श्रीलंका येते, आणि वस्तीवरून रॉकेट नेता येत नाही. म्हणून इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट आधी आग्नेयेकडे जातं आणि मग दक्षिणेला वळतं. या वळणात इंधन जातं, तेवढं उपग्रहाचं वजन कमी ठेवावं लागतं. वळण किती महाग पडू शकतं, याचं एक टोकाचं उदाहरण घ्या. कक्षेतला उपग्रह सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर जातो. जुन्या आणि नव्या वेगाचे दोन सारख्या लांबीचे बाण एकाच बिंदूपासून ६० अंशांचा कोन करून काढा, टोकं जोडा. समभुज त्रिकोण होतो, आणि त्याची तिसरी बाजू हाच वेगातला बदल. म्हणजे चाल तसूभर न वाढवता नुसतं ६० अंशांनी वळायचं, तर वेगात साडेसात किलोमीटर प्रति सेकंदांचाच बदल करावा लागतो!

इस्रोच्या लहानशा एसएसएलव्ही रॉकेटला असला वळसा फार महाग पडतो. म्हणून तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला नवं प्रक्षेपण केंद्र उभं राहतंय, २०२४च्या फेब्रुवारीत पायाभरणी झाली. तिथून दक्षिणेला समुद्र मोकळा आहे. पूर्वेकडच्या उड्डाणांना मात्र श्रीहरिकोटा उत्तमच, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेग रॉकेटला तिथे उभ्या उभ्याच मिळतो.