मॉन्टसेराट : ज्वालामुखीने पुसलेले मतदारसंघ

मंडळी, विषय जाहीर झालाय 'मॉन्टसेराटचा भूगोल, माणसं आणि सरकार' असा, आणि मला खरं सांगायचंय ते एवढंच की त्या बेटावर ही तीन प्रकरणं एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत. आपल्याकडे शाळेत भूगोलाचं पुस्तक वेगळं, नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाला मागे जोडलेलं, आणि डोंगराचा आणि मतपेटीचा काही संबंध असतो हे दहावी संपेपर्यंत कुणी सांगत नाही. मॉन्टसेराटमध्ये एका डोंगराने निवडणुकीची पद्धत बदलायला लावली. ती कशी, ते आज सांगायचंय. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी लागेल, ती देतो आणि मग तिकडे वळतो.

कॅरिबियन समुद्रात पूर्वेच्या कडेला लहान लहान बेटांची एक कमान आहे, वेस्ट इंडिजचं क्रिकेट बघणाऱ्यांना त्यातली अँटिग्वा, डॉमिनिका, सेंट किट्स ही नावं पाठ आहेत. अँटिग्वापासून नैऋत्येला चाळीसेक किलोमीटरवर मॉन्टसेराट. क्षेत्रफळ 102 चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या बृहन्मुंबईच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढं. ब्रिटनचा परदेशी प्रदेश आहे, स्वतंत्र देश नाही. क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, या बेटाचा वेस्ट इंडिजकडून कसोटी खेळलेला पहिला खेळाडू लायोनेल बेकर, आणि तो मान त्यांना मिळाला 2008 साली! तोपर्यंत किती पिढ्या शेजारच्या अँटिग्वाचे रिचर्ड्स, रॉबर्ट्स, अँब्रोज बघत बसल्या असतील.

बेटावर डोंगरांचे तीन गट आहेत. उत्तरेला सिल्व्हर हिल्स, मधे सेंटर हिल्स, दक्षिणेला सूफ्रिएर हिल्स. सगळे ज्वालामुखीचेच, उत्तरेचे सगळ्यात जुने, झिजून बुटके झालेले, आणि दक्षिणेचा सगळ्यात तरुण. आपण सह्याद्रीतली माणसं, काळा बसाल्ट रोज बघतो, त्यामुळे ज्वालामुखी म्हटला की लाव्हा लांबपर्यंत वाहत जाणार असंच आपल्या डोक्यात असतं. तिथला प्रकार निराळा आहे. अटलांटिकखालचं भूकवच कॅरिबियनखाली सरकतं, त्याच्याबरोबर पाणी खाली जातं, त्या पाण्यामुळे वरचा खडक वितळतो आणि जो लाव्हा वर येतो तो अँडेसाइट, घट्ट, गार झालेल्या पिठल्यासारखा, जागचा हलत नाही. तो तोंडाशीच साचत साचत घुमट तयार होतो. घुमट फार मोठा झाला की ढासळतो आणि मग तापलेली राख, दगड, वायू यांचा लोंढा उतारावरून सुटतो, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग, तापमान शेकडो अंश. धावून सुटका नाही. जुलै 2003 मध्ये अशा एकाच ढासळण्यात 20 कोटी घनमीटरपेक्षा जास्त मलबा खाली आला.

आता माझी जुनी तक्रार. स्पर्धा परीक्षेच्या तयारीची पुस्तकं बघा, क्विझ बघा, 'मॉन्टसेराटची राजधानी कोणती?' उत्तर 'प्लिमथ', बरोबर, एक मार्क, पुढचा प्रश्न. उत्तर चुकीचं नाहीये, कायद्याने आजही राजधानी प्लिमथच आहे. माझं म्हणणं असं की ज्याने हे उत्तर पाठ केलं त्याला हे कुणीच सांगितलं नाही की प्लिमथमध्ये एकही माणूस राहत नाही. शहर राखेखाली आणि चिखलाखाली गेलंय, कितीतरी इमारतींचे फक्त वरचे मजले दिसतात. पाठांतर करणाऱ्या मुलाला एक मार्क मिळतो आणि जगातली एक विलक्षण गोष्ट त्याच्या हातातून निसटते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका मार्कात बसवता बसवता आपण भूगोलातली माणसंच काढून टाकतो.

तर प्लिमथ. नैऋत्य किनाऱ्यावरचं देखणं बंदर, सूफ्रिएर हिल्सच्या अगदी पायथ्याशी. डोंगर शेकडो वर्षं शांत होता. अगदी पूर्ण शांत असंही नाही, 1930 च्या दशकात आणि पुन्हा 1966-67 ला भूकंपांच्या मालिका झाल्या, शास्त्रज्ञ येऊन मोजमाप करून गेले. 1980 च्या दशकात वॅज आणि आयझॅक्स या दोन अभ्यासकांनी या डोंगराचा धोक्याचा नकाशाच तयार केला, प्लिमथ किती उघडं पडलेलं आहे ते त्यात स्पष्ट होतं. नकाशा होता, मंडळी! मग 17 सप्टेंबर 1989 ला ह्यूगो वादळ आलं. बेटावरच्या बहुतेक घरांची नासधूस झाली, माणसं गेली, बंदराचा धक्का गेला. जॉर्ज मार्टिन, म्हणजे बीटल्सचे निर्माते, त्यांनी 1979 मध्ये या बेटावर स्टुडिओ काढला होता, जगातले मोठमोठे बँड तिथे येऊन रेकॉर्डिंग करायचे, तोही त्या वादळात संपला. आणि अशा वेळी, जेव्हा सगळं नव्याने उभं करायचंच होतं, तेव्हा हॉस्पिटल, सरकारी मुख्यालय, धक्का, सगळं परत प्लिमथमध्येच बांधलं. तोच पायथा. मला ही गोष्ट फार लागते, कारण यात कुणी दुष्ट नव्हतं. पैसा ब्रिटनचा, घाई लोकांची, आणि वादळाने पाडलेलं पुन्हा बांधायच्या धांदलीत ज्वालामुखीचा नकाशा टेबलावर आलाच नाही. वादळाचं खातं वेगळं, ज्वालामुखीचं वेगळं.

18 जुलै 1995 ला डोंगर जागा झाला. आधी वाफ आणि राख, ऑगस्टमध्ये एकदा प्लिमथवर भर सकाळी अंधार पसरला, लोक बाहेर काढले, परत आणले, पुन्हा काढले, आणि एप्रिल 1996 मध्ये शेवटचं काढलं. तेव्हा गेलेली माणसं राहायला परत गेली नाहीत. नवं हॉस्पिटल उत्तरेला सेंट जॉन्समध्ये एका शाळेच्या इमारतीत हलवलं. हजारो लोक चर्चमध्ये, शाळांमध्ये, तंबूंमध्ये, महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षं. उत्तर भाग सुरक्षित खरा, पण कोरडा, खडकाळ, चांगली जमीन सगळी दक्षिणेला आणि पूर्वेला, धोक्याच्या रेषेच्या आत. आता तुम्हीच सांगा, शेतकरी काय करेल? रताळी, गाजरं जमिनीत तयार आहेत, शिबिरात डब्यातलं अन्न, आणि रेषेपलीकडे आपलं शेत दिसतंय. लोक आत जात राहिले. 25 जून 1997 ला घुमट ढासळला आणि 19 माणसं गेली. पुढे जी न्यायालयीन चौकशी झाली तिच्यात काही मृत्यूंच्या बाबतीत उत्तरेत शेतीला जमीन न दिल्याचा ठपका सरकारवर आला. या 19 जणांबद्दल लिहिताना 'बंदी असताना गेले' एवढंच वाक्य वापरतात. ते वाक्य मी कधी वापरत नाही. रेषा आखणं हे अर्धंच काम असतं, रेषेच्या अलीकडे माणसाला जगता येईल याची सोय करणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच राहून गेलं होतं.

त्याच वर्षी, 1997 च्या ऑगस्टमध्ये, प्लिमथ जळालं आणि गाडलं गेलं. लोक रस्त्यावर आले, मुख्यमंत्री बर्ट्रांड ऑस्बर्न यांनी राजीनामा दिला. मदतीच्या रकमेवरून लंडनशी वाद चालू होता, आणि तिथल्या मंत्री क्लेअर शॉर्ट जाहीरपणे म्हणाल्या की आता हे लोक सोन्याचे हत्ती मागतील. घरदार राखेत गेलेल्या माणसांबद्दल! मॉन्टसेराटमधली म्हातारी माणसं ते वाक्य अजून विसरलेली नाहीत असं मी जिथे जिथे वाचतो तिथे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

स्फोटाआधी बेटावर 11 हजारांच्या आसपास लोक होते. दोन तृतीयांश निघून गेले, बहुतेक ब्रिटनला आणि अँटिग्वाला. 2011 च्या शिरगणतीत 4,922 भरले, आता त्याहूनही थोडे कमी. त्यातही गयाना, जमैका, डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेली कुटुंबं बरीच.

लोकांबद्दल बोलायचं तर आयरिश धागा सांगायलाच हवा. 1632 पासून सेंट किट्सवरून आयरिश कॅथलिक इथे आले, काही मळेवाले झाले, आणि राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. 17 मार्च 1768, सेंट पॅट्रिकचा दिवस, म्हणजे आयरिश लोकांचा मोठा सण, मालक मंडळी मेजवानीत असतील म्हणून गुलामांनी त्याच दिवशी उठाव करायचं ठरवलं होतं. बेत फुटला, पुढाऱ्यांना फाशी दिलं. आज 17 मार्चची सरकारी सुट्टी आहे, पासपोर्टवर शॅमरॉकचा, म्हणजे आयर्लंडचं चिन्ह असलेल्या तीन पानांच्या पाल्याचा, शिक्का मारतात, पर्यटकाला वाटतं आयर्लंडचा सण आहे, आणि तिथली माणसं त्या दिवशी आपल्या पूर्वजांच्या उठावाची आठवण काढतात. खाण्यात गोट वॉटर, म्हणजे बकऱ्याच्या मटणाचा मसालेदार रस्सा, आपल्या कोल्हापूरकरांना चालेल. आणि 'माउंटन चिकन' मागवलंत तर सांभाळून, तो बेडूक असतो. मोठ्ठा, खातात म्हणूनच ते नाव पडलं. आता मात्र बुरशीच्या रोगाने तो जवळजवळ संपलाय.

संयोजक घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं म्हणताय? बरं. सरकार.

पहिले मुख्यमंत्री विल्यम हेन्री ब्रॅम्बल, कामगार संघटनेतून आलेला माणूस, मळेवाल्यांशी भांडलेला. 1970 मध्ये त्यांचा पराभव केला त्यांच्याच मुलाने, ऑस्टिन ब्रॅम्बलने, वेगळा पक्ष काढून! (हसू नका, आपल्याकडेही घरातल्या घरात निवडणुका झाल्यात.) वडिलांचं नाव एअरपोर्टला होतं, तो एअरपोर्ट 1997 मध्ये ज्वालामुखीने घेतला. मग 2005 पर्यंत बेटावर विमानच उतरत नव्हतं, बोट नाहीतर हेलिकॉप्टर. नवा एअरपोर्ट उत्तरेला, धावपट्टी जेमतेम 600 मीटरच्या आसपास, त्याला नाव जॉन ऑस्बर्न यांचं, तेही मुख्यमंत्री. या ऑस्बर्नना 1980 च्या दशकात स्वातंत्र्य हवं होतं. मग बाहेरच्या लोकांनी तिथे नोंदवलेल्या शेकडो कागदी बँकांचं प्रकरण निघालं, ब्रिटनने 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय वित्तव्यवहार थेट गव्हर्नरच्या हातात दिला, त्याच वर्षी ह्यूगो, आणि स्वातंत्र्याचा विषय तिथेच थांबला.

आता मतदारसंघ. पूर्वी विधिमंडळाच्या सात जागा, सात मतदारसंघ, गावांच्या हिशोबाने आखलेले. ज्वालामुखीनंतर दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या मतदारसंघांत मतदारच राहिले नाहीत, तिथले लोक उत्तरेत दुसऱ्याच्या मतदारसंघात राहायला आलेले. नोव्हेंबर 1996 ची निवडणूक तशीच जुन्या सात मतदारसंघांवर पार पाडली. पण रिकाम्या गावाचा आमदार कुणाचा? म्हणून 2001 पासून सीमाच काढून टाकल्या, अख्खं बेट एक मतदारसंघ, नऊ जागा, आणि प्रत्येक मतदाराला नऊ मतं. उमेदवारांची लांब यादी येते, तुम्ही नऊपर्यंत खुणा करायच्या. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते, कारण गमावलेल्या गावाचा माणूस आणि उत्तरेतला मूळचा माणूस यांचं मत एकाच पेटीत, एकाच वजनाचं पडतं. तोटा एकच की तुमच्या गल्लीच्या गटारासाठी नक्की कुणाला धरायचं ते कळत नाही.

बाकीचं भरभर. नवी घटना सप्टेंबर 2011 मध्ये लागू झाली, मुख्यमंत्र्याचं पद प्रीमियर झालं, पहिले प्रीमियर रूबेन मीड, आणि ऑक्टोबर 2024 च्या निवडणुकीनंतर पुन्हा तेच. मंत्रिमंडळात प्रीमियर आणि तीन मंत्री, शिवाय अॅटर्नी जनरल आणि फायनान्शियल सेक्रेटरी, आणि बैठकीच्या अध्यक्षस्थानी गव्हर्नर, ज्याला राजा नेमतो. संरक्षण, परराष्ट्र, अंतर्गत सुरक्षा गव्हर्नरकडे. चलन मात्र पूर्व कॅरिबियन डॉलर, आणि कॅरिकॉमचं, म्हणजे कॅरिबियन देशांच्या संघटनेचं, पूर्ण सदस्यत्व, ब्रिटिश प्रदेशांपैकी ते फक्त यांनाच आहे. बजेटचा निम्म्याहून जास्त पैसा लंडनहून येतो, आणि माझ्या मते खरी अडचण तीच, कारण निवडून आलेल्या नऊ जणांना रस्ता कुठे करायचा, बंदर कधी बांधायचं, याची परवानगी ज्याच्याकडे मागावी लागते त्याला तिथल्या कुणी मत दिलेलं नसतं. लोकांना 2002 मध्ये पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळालं, त्यामुळे तरुणाला लंडनचा रस्ता मोकळा झाला, त्याचं भलं झालं आणि बेट आणखी रिकामं झालं, दोन्ही खरं.

धोक्याच्या रेषा अजून आहेत, निम्म्याहून जास्त बेट त्यांच्या आत. ज्वालामुखी वेधशाळा एक ते पाच असा धोक्याचा स्तर ठरवायला सल्ला देते आणि त्या स्तराप्रमाणे कुठल्या भागात कुणी जायचं ते बदलतं. फेब्रुवारी 2010 नंतर मोठं ढासळणं झालेलं नाही, वायू अजून निघतोच आहे. कचेऱ्या ब्रेड्समध्ये चालतात, नवं बंदर आणि नवं गाव लिटल बे इथे उभं राहतंय. आणि प्लिमथच्या जुन्या धक्क्यावरून आज काय निर्यात होतं माहितीये? ज्वालामुखीने आणून टाकलेली वाळू, शेजारच्या बेटांच्या बांधकामांना.

उष्णजलाच्या विहिरींचं, म्हणजे भूगर्भातल्या वाफेवर वीज करायच्या योजनेचं राहिलं. 2013 मध्ये दोन विहिरी चांगल्या लागल्या, पण वेळ संपलाच. ज्यांना त्याबद्दल विचारायचंय त्यांनी पहिल्या प्रश्नात विचारा, माईक मागच्या रांगेला द्या.