दहावीनंतरचे पहिले तीन महिने

नमस्कार श्रोतेहो. कर्नाटकातल्या सीमाभागात, खानापूर, उचगाव, येळ्ळूर, निपाणीकडच्या ज्या घरांत यंदा एखादं मूल मराठी शाळेतून एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालंय, त्या घरांशी आज बोलायचंय.

आपल्याकडे मराठी माध्यम दहावीला संपतं. जूनमध्ये पोर पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्सला बसतं आणि फळ्यावर सगळं इंग्रजी. पंधरा दिवसांत घरी येऊन म्हणतं, "मला सायन्स झेपत नाही." पालकहो, लगेच आर्ट्सचा फॉर्म आणू नका. आर्ट्स वाईट नाही, पण तिकडं आवडीनं जावं, घाबरून नव्हे. न्यूटनचे नियम या मुलाला नववीतच कळलेत. अडलंय ते फक्त भाषेपाशी, आणि तेवढं तीन महिन्यांत सुटतं. नववी-दहावीची मराठी पुस्तकं रद्दीत घालू नका. आदल्या रात्री त्यातलं प्रकरण वाचायचं, मग वर्गात बसायचं. आणि प्रवेश घेतानाच विचारा, कॉलेजात मराठी हा भाषा विषय आहे का? पीयू बोर्डाच्या यादीत तो आहे.

आता सीईटी, म्हणजे कर्नाटकची प्रवेश परीक्षा. इंजिनिअरिंगची रँक निम्मी सेकंड पीयूच्या, म्हणजे बारावीच्या, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या गुणांवर आणि निम्मी सीईटीवर लागते. क्लासची फी भरून कॉलेज बुडवणाऱ्या मुलांचं नुकसान इथंच होतं, आणि ते बघून जीव तुटतो. २०२४ पासून सेकंड पीयूची परीक्षा वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते. एक विषय राहिला म्हणून मुलीचं शिक्षण थांबवू नका, हात जोडून सांगते.

महाराष्ट्राचं दारही उघडं आहे. सीमाभागातून दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना तिथल्या सीईटी प्रवेशात वेगळा पात्रता प्रकार आहे. त्यासाठी मातृभाषेचा दाखला लागतो.

इकडच्या सीईटीला कर्नाटकात किमान सात वर्षं शिकल्याचा पुरावा मागतात. ग्रामीण आरक्षण हवं तर पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाल्याचा दाखला लागतो, बीईओंच्या, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, सहीसह. शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेत जावं लागेल. तेव्हा हे काम फर्स्ट पीयूच्या दिवाळी सुट्टीआधी उरकून घ्या, सीईटीच्या घाईत कुणाला सह्या मिळत नाहीत.