तपासणी मुलीची, परीक्षा आईची

नमस्कार. आज समोर पालक आहेत, काही आजी-आजोबा आहेत, आणि महापालिकेच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या सिस्टर आणि बालरोगतज्ज्ञ मंडळीही वेळ काढून आली आहेत. त्यांचे आधी आभार मानतो. मी डॉक्टर नाही. भांडुपला राहतो, नोकरी करतो आणि अकरा वर्षांच्या मुलीचा बाप आहे. तिला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. ती फार थोडं बोलते.

मला एकच गोष्ट मांडायची आहे. आमच्यासारख्या घरातलं मूल नेहमीच्या तपासणीला गेलं, म्हणजे लस, वजन-उंची, दात, डोळे, शाळेतली आरोग्य तपासणी, की तिथे मुलापेक्षा त्याच्या आईचीच तपासणी जास्त होते. यावर बोलताना आईला किती वाईट वाटतं, एवढ्यावर आपण थांबतो. वाईट तर वाटतंच. पण दोन-तीनदा असा अनुभव आला की ती जाणं टाळायला लागते. मग बूस्टर राहून जातो, दात किडत राहतो, हिमोग्लोबिन कुणी बघत नाही. बोलणी खाते आई आणि भोगतं मूल.

आई म्हणतोय ते मुद्दाम. मुलीला घेऊन मी एकटा जातो तेव्हा मला कुणी काही विचारत नाही. उलट "बाबा स्वतः घेऊन आलेत, छान" असं म्हणतात, बसायला जागा देतात. तोच दवाखाना, तीच मुलगी, तिचा तोच आरडाओरडा, पण तिची आई सोबत असली की पहिला प्रश्न येतो, "तुम्ही नोकरी करता का?" मला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही, आणि मी सकाळी निघतो तो रात्रीच घरी येतो.

एक प्रसंग सांगतो. शाळेच्या तपासणीत सिस्टरनी मुलीचा हात हातात घेतला, नखं पाहिली आणि म्हणाल्या, "आई, नखं तरी कापत जा." नखं वाढलेली होती, हे खरंच आहे. आमच्याकडे नखं रात्री कापली जातात, ती गाढ झोपल्यावर, मोबाइलच्या उजेडात. नेलकटरच्या आवाजाने ती दचकते, म्हणून छोटी कात्री. आज उजवा हात, जमलं तर उद्या डावा. मध्येच तिने कूस बदलली की हात आखडता घ्यायचा आणि वाट बघायची. केसांचंही तेच. कंगवा टाळूला लागला की ती जीव खाऊन ओरडते, म्हणून केस अगदी बारीक ठेवलेत. त्यावर रांगेतली एखादी बाई विचारतेच, "उवा झाल्या होत्या का हो?" स्पर्श, आवाज, उजेड यांचा असा असह्य त्रास होणं हा ऑटिझमचाच भाग आहे. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या निकषांत तो रीतसर नोंदवला गेला. सिस्टरना जी हयगय दिसली ती हयगय नव्हती. मुलीच्या ऑटिझमचंच ते लक्षण होतं. कापलेली पाच नखं मात्र कुणाच्या नजरेत भरली नाहीत.

हा ठपका जुना आहे. १९४३ साली मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकशास्त्रासमोर आणला, आणि आईबापांच्या थंडपणाचा उल्लेखही त्यांच्याच लिखाणात आला. १९६७ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर दोष सरळ आईच्या पदरात टाकला: तिला माया नाही म्हणून मूल मिटून गेलं. खरं तर त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी हे खोडून काढलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही. मेंदूची जडणघडण वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, हे आज पाठ्यपुस्तकात आहे. पुस्तकातून गेलेली समजूत ओपीडीतून मात्र लवकर जात नाही.

हल्ली ती "व्हर्च्युअल ऑटिझम" या नावाने परत आली आहे. मोबाइल दिलात म्हणून असं झालं, असं आईला सांगितलं जातं. हे निदान डीएसएम-५ मध्ये नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्येही नाही. लहान मुलाच्या हातात तासन्‌तास मोबाइल देऊ नये, हे मला मान्य आहे. त्याने झोप बिघडते, बोलणं मागे पडतं. पण परळच्या हॉस्पिटलात सकाळचा नंबर लावायचा म्हणून आम्ही भांडुपहून गर्दीच्या वेळी लोकल पकडतो. डब्यात मुलगी दोन्ही कान दाबून थरथरत असते. तेव्हा तिची आई एक ओळखीचं गाणं लावून मोबाइल तिच्या कानाशी धरते. केबिनचं दार उघडतं तेव्हा डॉक्टरांना तो मोबाइल तेवढा दिसतो.

आता सगळ्यात जाचक भाग. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे आयएसएए ही ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० पासून पुढे ऑटिझम. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लिहून मिळालं तरच बऱ्याचशा सवलती मिळतात. तिथे आईला, मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना, तिला काय काय येत नाही ते एकेक करून सांगावं लागतं. चुकून "आता पाणी स्वतः मागते" असं कौतुकाने तोंडातून निघालं की टक्के कमी होतील अशी धास्ती. आणि त्याच आईने पुढच्या महिन्यात लसीच्या रांगेत मुलीला हूं की चूं न करता उभं करून दाखवायचं, नाही तर "काही शिकवलं नाही का?" एका खोलीत मूल जितकं मागे तितकी आई खरी, दुसऱ्या खोलीत मूल जितकं शांत तितकी आई चांगली. हा ताण बायका मुकाट सोसतात, आणि आम्ही पुरुष बाहेर केसपेपर सांभाळत उभे असतो. आणि मुलगी बोलत नाही म्हणजे ती ऐकत नाही असं नाही, हे मला इथल्या प्रत्येकाला कळकळीने सांगायचंय. ती सगळं ऐकते.

शरीराकडे वळतो. निदान एकदा कागदावर आलं की मुलाचं सगळं वागणं त्याच्याच खात्यावर मांडलं जातं. मूल डोकं आपटतंय? ऑटिझम. रात्रभर जागं? ऑटिझम. पण न बोलणाऱ्या मुलाचा कान ठणकला, दाढ दुखली, चार दिवस पोट साफ झालं नाही, तर ते दुसरं करणार काय? ऑटिझम असलेली काही मुलं इतके मोजके पदार्थ खातात की त्यांच्यात क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही आढळला आहे, आणि त्याची सुरुवात मूल लंगडण्यातून किंवा चालायला नकार देण्यातून झालेली आहे. त्याला कुणी हट्ट म्हटलं तर? "उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल" हा सल्ला आमच्या घरी ऐकून झालाय. दहीभात आणि एकाच प्रकारचं बिस्किट यापलीकडे न जाणारं मूल भुकेने वरणाकडे वळत नाही, ते नुसतं उपाशी राहतं. आईने हे सांगितल्यावर तिला "लाडावून ठेवलंय" म्हणण्याऐवजी एक रक्ततपासणी लिहून दिली तर त्या मुलाचं भलं होईल.

डॉक्टरांनी विचारूच नये, असं मी म्हणत नाही. अंगावर वळ दिसला तर विचारलंच पाहिजे. आमची मुलं स्वतःला चावतात, बोचकारतात. पण जे मूल सांगू शकत नाही त्याला मारणारं कुणी असलं, तर ते शोधायला दवाखान्याशिवाय जागा तरी कुठली? म्हणून विचारा, जरूर विचारा. फक्त का विचारताय ते सांगा. "सगळ्यांनाच विचारते, झोपेचा अंदाज यावा म्हणून" एवढं म्हटलं तरी मोबाइलचा प्रश्न बोचत नाही. आणि मनातलं मत केसपेपरवर लिहिण्याजोगं नसेल, तर ते तोंडानेही बोलू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

बाकी गोष्टी करायला सोप्या आहेत. वजनकाट्यावर मूल उभं राहत नसेल तर आईसकट वजन घ्या आणि आईचं वजा करा. सुई टोचायच्या तासभर आधी बधिर करणारं मलम लावता येतं. ते आधी सांगितलं तर आम्ही घरूनच लावून येऊ. दातांचे डॉक्टर लहान मुलांना आधी सांगतात, मग आरसा हातात देऊन दाखवतात आणि मगच तोंडात घालतात; तीच पद्धत स्टेथोस्कोपला का नको? आणि रांगेबद्दल बोलायचं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २५ मध्ये तपासणी आणि उपचारांत प्राधान्य द्यावं असं लिहिलेलं आहे. पालकांनो, पहिला नंबर मागताना ओशाळू नका. मागच्या बाईला शांतपणे सांगा. बहुतेक जणी समजून घेतात. आणि बाबा मंडळींनी तपासणीची रजा आधीच टाकून ठेवावी. प्रश्न आईला आला तरी उत्तर आपण द्यावं. खोलीतलं बोलणं बदलतं, मी पाहिलंय.

बाहेर टेबलावर कोरे कागद आणि पेनं ठेवली आहेत. जाण्याआधी प्रत्येक पालकाने आपल्या मुलाबद्दल एका बाजूत मावेल एवढंच लिहावं: त्याला कशाचा त्रास होतो, दुखलं की ते कसं कळतं, "हो" कसं म्हणतं, काय खातं, आणि आधी कुठे हात लावलेला चालतो. मग तो कागद इथल्या सिस्टरना वाचायला द्या. गर्दीच्या ओपीडीत अर्ध्या मिनिटात वाचून होतो का, काय कमी करायला हवं, काय राहिलं, ते त्या सांगतील. दुरुस्त केलेल्या कागदाची झेरॉक्स काढून केसपेपरला टाचणीने लावा.