गाडी धुतली, आता पुसताना ओरखडे नकोत

नमस्कार मंडळी. काळ्या गाडीच्या बॉनेटवर ऊन पडलं की बारीक गोल गोल रेषा चमकतात ना? त्यातल्या बऱ्याचशा पुसताना पडलेल्या असतात. क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. फडक्याखाली एक धुळीचा कण अडकला आणि वरून हाताचा जोर आला, की झालं काम.

म्हणून जमेल तितकं पाणी फडका न लावताच काढायचं. पाइपचं नोझल काढा, नळ बारीक करा आणि छतापासून पाणी सोडा. फवारा नको, संथ धार हवी. वॅक्स केलेल्या गाडीवरचं बरंचसं पाणी या धारेबरोबरच उतरतं.

आता टॉवेल. जुनी बनियन, पंचा, सिग्नलवरचा पिवळा फडका, सगळं बाजूला ठेवा. ट्विस्टेड लूपचा, म्हणजे पिळलेल्या धाग्यांच्या वेटोळ्यांचा, मोठा मायक्रोफायबर टॉवेल घ्या, 600 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) वरचा. कडेचं लेबल कापून टाका, तेही ओरखडतं. टॉवेल थोडा ओला करून घट्ट पिळा, कोरडा ठणठणीत असेल तर सुरुवातीला पाणी नीट ओढत नाही.

(क्लोज-अप: बॉनेट) हे बघा. टॉवेल पसरला, दोन कोपरे धरले, अलगद आपल्याकडे ओढला. दाब अजिबात नाही, घासणं तर नाहीच. छत, काचा, बॉनेट, मग दारं. दारांचा खालचा भाग आणि चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने. टॉवेल जमिनीवर पडला तर तो आज बाद. झटकून चालत नाही, खडे लूपमध्ये बसतात.

आरसे, हँडल, नंबरप्लेट यांतून पाणी नंतरही ठिबकत राहतं. तिथे ब्लोअर मारा.

बोअरचं पाणी असेल तर सावलीतच धुवा, एकेक पॅनेल धुऊन लगेच टिपा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पांढरे डाग पडलेच, तर गार पॅनेलवर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी, मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. नखाने खरवडू नका!

टॉवेल इतर कपड्यांत न मिसळता लिक्विड डिटर्जंटने धुवा. कंडिशनर नको, त्याचा थर बसला की धागा पाणी शोषत नाही.

आणि गाडी लगेच झाकून ठेवू नका. पाच-दहा मिनिटं चालवून हलके ब्रेक मारा, म्हणजे डिस्क सुकतील.