गिलोटिनच्या दोन्ही बाजूंना

नमस्कार. फ्रान्स्वा मित्तराँ १९८१ ते १९९५ अशी चौदा वर्षं फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष होते. पाचव्या प्रजासत्ताकातले, म्हणजे १९५८च्या राज्यघटनेनंतरच्या फ्रान्सचे, ते पहिले समाजवादी राष्ट्राध्यक्ष. एवढं मोठं आयुष्य एका बैठकीत मावणार नाही, म्हणून मी दोनच सालांवर बोलणार आहे, १९५७ आणि १९८१. माणूस कळायला मला ही दोन सालं सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

जन्म १९१६चा, जार्नाक या लहानशा गावातला. वडील आधी रेल्वेत स्टेशनमास्तर, नंतर व्हिनेगरच्या धंद्यात. घर कॅथलिक, जुन्या वळणाचं. दुसऱ्या महायुद्धात मित्तराँ जर्मनांच्या कैदेत पडले आणि तिसऱ्या प्रयत्नात निसटले. त्यानंतर आधी विशी सरकारात, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच राजवटीत, नोकरी, मग त्याच राजवटीविरुद्ध भूमिगत काम. या माणसाचा डावेपणा घरातून आलेला नव्हता, हे लक्षात ठेवा.

आता १९५७. फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियात स्वातंत्र्याची लढाई पेटलेली आणि पॅरिसमध्ये गी मोले यांचं सरकार. मित्तराँ त्यात न्यायमंत्री. अल्जीर्समध्ये फेर्नां इव्हतों नावाचा एक कामगार होता, युरोपीय वंशाचा, कम्युनिस्ट. त्याने आपल्याच गॅस कारखान्यात बाँब ठेवला. कामगार घरी गेल्यावर तो फुटेल अशी वेळ लावली होती, कारण माणूस मरू नये ही त्याची इच्छा होती. बाँब आधीच सापडला, कुणाला साधं खरचटलंही नाही. तरी लष्करी न्यायालयाने त्याला देहदंड दिला. दयेचा अर्ज पॅरिसला गेला. अंतिम निर्णय राष्ट्राध्यक्ष कोती यांचा, पण त्याआधी ज्या मंडळाचं मत घेतलं जाई त्यात न्यायमंत्री बसत. अर्ज फेटाळला गेला. ११ फेब्रुवारी १९५७च्या पहाटे अल्जीर्सच्या तुरुंगात गिलोटिनचं, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राचं, पातं खाली आलं. त्या दिवशी इव्हतोंबरोबर आणखी दोन अल्जीरियन गेले. मित्तराँ न्यायमंत्री असताना असे सुमारे ४५ जण गेले, आणि बहुतेक अर्जांवर त्यांचं मत दयेच्या विरोधातच होतं. ‘काळच तसा होता’ असं म्हणून हे मला सोडून देता येत नाही. त्याच काळात, त्याच देशात, विरोध करणारी माणसंही होती.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९६५च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यासारख्या माणसाला त्यांनी दुसऱ्या फेरीपर्यंत खेचलं. १९७१ मध्ये एपिने इथल्या अधिवेशनात समाजवादी पक्षाची सूत्रं हातात घेतली, १९७४ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अगदी थोडक्यात हरले.

मग १६ मार्च १९८१. निवडणूक दोन महिन्यांवर आलेली, टीव्हीवर मुलाखत चालू. देहदंडाचा प्रश्न आला. बहुसंख्य फ्रेंच जनता त्याच्या बाजूने होती आणि हे मित्तराँना पक्कं ठाऊक होतं. मुरलेला राजकारणी अशा वेळी काय करतो? समिती नेमू म्हणतो, चर्चा करू म्हणतो. मित्तराँनी सरळ सांगितलं की माझ्या सद्सद्विवेकाला देहदंड मान्य नाही, लोकमत उलट आहे हे मला माहीत आहे, तरीही मी हे तुमच्यापासून लपवणार नाही. मतं मागायला निघालेला माणूस मतदारांच्या तोंडावर हे बोलतो, याला छाती लागते. १० मे रोजी ते ५१.७६ टक्के मतांनी निवडून आले.

पुढचं काम त्यांनी रोबेर बादांतेर यांच्यावर सोपवलं. हे वकील. आपल्या एका अशिलाला गिलोटिनकडे जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी हा लढा सोडला नाही. न्यायमंत्री म्हणून १७ सप्टेंबरला ते संसदेत उभे राहिले. उद्यापासून फ्रान्सचा न्याय जीव घेणारा न्याय राहणार नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ३६३ विरुद्ध ११७ मतांनी विधेयक मंजूर झालं. त्यात विरोधी बाकांवरचीही मतं होती, जाक शिराक यांचं धरून. ९ ऑक्टोबरला कायदा झाला.

सरकारची बाकीची स्वप्नं इतकी सुखाने पार पडली नाहीत. बँका आणि बडे उद्योग सरकारी केले, भरपगारी रजेचा पाचवा आठवडा दिला, पण फ्रँक, म्हणजे फ्रान्सचं तेव्हाचं चलन, घसरत गेला आणि १९८३ मध्ये काटकसरीची वाट धरावी लागली. देहदंडाचा कायदा मात्र कुणी परत आणला नाही. २००७ मध्ये ही बंदी थेट राज्यघटनेत गेली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते तेच शिराक.

मला नेहमी विचारतात, ८१ ने ५७ फिटतं का? माझं उत्तर आहे, नाही. इव्हतों तीस वर्षांचा होता, त्याचा हिशेब कोण फेडणार? पण ज्याच्या हातून असं घडलं, त्याच माणसाने पुढे सत्ता हाती येताच पहिल्या काही महिन्यांत ते यंत्र बंद पाडलं, हेही तितकंच खरं आहे.

मे १९८१ मध्ये, कायदा व्हायच्या आधीच, मित्तराँनी एका तरुण कैद्याचा दयेचा अर्ज मंजूर केला. त्याने पोलिसाचा खून केला होता, शिक्षा जाहीर झाली होती. तो तुरुंगातच शिकू लागला. विषय निवडला मध्ययुगाचा इतिहास. १९९५ मध्ये तो डॉक्टरेट झाला आणि पुढे इतिहासाचा संशोधक म्हणून काम करू लागला.